रुपयाच्या प्रश्नापासून भाताच्या हिशेबापर्यंत

(इगतपुरी येथे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. विषय होता : ‘लेखाशास्त्र व वित्त या विषयांतील पीएच.डी. : कशासाठी आणि कशी?’)



एम.कॉम. झालेल्या मुलाने किंवा मुलीने ‘आता पीएच.डी. करायची आहे’ असे घरी सांगितले, की मध्यमवर्गीय कुटुंबात दोन प्रश्न उभे राहतात. आई विचारते, अजून किती वर्षे? वडील विचारतात, त्याने मिळणार काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्या घरात पगाराच्या पहिल्या आठवड्यात किराणा, दुधाचे बिल, घराचा हप्ता आणि धाकट्याची फी यांची वाटणी होते, त्या घराला असे प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. जो विद्यार्थी जमाखर्चाचे शास्त्र शिकला, त्याने तर या प्रश्नांचे उत्तर टाळू नये. आयुष्यातील तीन ते सहा वर्षे ही भांडवली गुंतवणूकच आहे. तिच्यावर परतावा कोणता आणि तो कोणाला, हे आधी स्पष्ट असावे.

सनदी लेखापालाची परीक्षा आणि पीएच.डी. यांत फरक काय, हेही पुष्कळदा उमगलेले नसते. सनदी लेखापाल ताळेबंद तपासतो आणि तो प्रमाणित नियमांनुसार आहे की नाही, याचा निर्वाळा देतो. समाजाला या कामाची नितांत गरज आहे. संशोधकाचे काम तेथून पुढे सुरू होते. हा नियमच असा का आहे? या नियमाने कोणाचा खर्च दिसतो आणि कोणाचा झाकला जातो? पैसा या वाटेने गेला, त्या वाटेने का गेला नाही? ज्या प्रश्नाचे उत्तर आजवर कोणी पुराव्यासह दिलेले नाही असा प्रश्न शोधणे, पुरावा जमवणे आणि जाणकार परीक्षकांसमोर आपले उत्तर सिद्ध करणे, याचे नाव पीएच.डी. असा प्रश्न ज्याच्यापाशी नाही, त्याने पदवीच्या मागे लागू नये. ज्याच्यापाशी तो आहे, त्याने मागे हटू नये. महाराष्ट्राने याचे जे सर्वांत तेजस्वी उदाहरण दिले, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही फारसे पाहिले जात नाही.

अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब

नाशिक जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे आणि १९३५ च्या येवल्यातील घोषणेमुळे ओळखतो. सारा देश त्यांना राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. परंतु त्यांच्या नावामागे जे ‘डॉक्टर’ हे उपपद लागले, ते प्रथम कोणत्या विषयासाठी, असे विचारले तर पुष्कळ सुशिक्षितही थबकतात. ते उपपद वित्तशास्त्रातील संशोधनाचे आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर तरुण भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंडांची. १९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था या विषयावर निबंध लिहिला. पुढे त्यांनी प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास केला. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी होत गेली, हा त्याचा विषय. १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रकमा नेमून दिल्या गेल्या, १८७७ पासून काही महसुलाच्या बाबी सोपवल्या गेल्या आणि १८८२ पासून महसुलात वाटेकरी केले गेले, हे तीन टप्पे त्यांनी सरकारी अंदाजपत्रके आणि ठराव चाळून उलगडले. आज केंद्र आणि राज्ये यांच्यातील कराच्या वाटणीसाठी वित्त आयोग बसतो, तेव्हा जो प्रश्न चर्चेला येतो, त्याची मुळे या प्रबंधात सापडतात.

१९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांचा ग्रंथसंग्रह ज्या जहाजाने येत होता, ते महायुद्धाच्या धामधुमीत बुडाले. कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर तेथे अस्पृश्य म्हणून राहायला घर मिळेना. परदेशात ज्याने वर्षानुवर्षे ग्रंथालयात घालवली, त्याला स्वदेशात एक खोली नाकारली गेली. हिंदू समाजाने ही गोष्ट मान खाली घालूनच वाचली पाहिजे.

अशा अवस्थेत दुसऱ्या कोणी पुस्तक मिटले असते. बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पै-पै शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. झाले. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘रुपयाचा प्रश्न : उगम आणि उपाय’ हा डी.एस्सी. चा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी फेरमांडणी सुचवली. पैसे संपत आले होते, म्हणून मुंबईस परत येऊन त्यांनी प्रबंध सुधारला आणि पुन्हा पाठवला. १९२३ च्या अखेरीस तो स्वीकारला गेला आणि ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली छापला गेला आणि त्या विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना १९२७ साली मिळाली. म्हणजे १९१३ साली सुरू झालेला प्रवास पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. ‘अजून किती वर्षे?’ असे विचारणाऱ्या प्रत्येक घराने हा कालक्रम एकदा वाचावा.

घाटातील रूळ आणि लंडनचे व्याज

‘रुपयाचा प्रश्न’ म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला इगतपुरीइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाटातील मार्ग १८६५ साली खुला झाला. सदतीस फुटांना एक फूट चढणारा हा घाट खोदण्यासाठी भांडवल इंग्लंडमधून आले. १८४९ च्या करारान्वये त्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिलेली होती. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. हे व्याज, सेवानिवृत्त अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, लंडनच्या कचेरीचा खर्च या सगळ्या रकमा पौंडांत द्यायच्या आणि सरकारचा महसूल मात्र चांदीच्या रुपयांत गोळा व्हायचा.

१८७३ नंतर जगात चांदी उतरत गेली. ज्या रुपयाला सुमारे २ शिलिंग मिळत होते, त्याला १८९२-९३ मध्ये सरासरी १ शिलिंग ३ पेन्सच मिळू लागले. हिशेब सोपा आहे. शंभर पौंड लंडनला पाठवायला पूर्वी १,००० रुपये लागत. आता १,६०० रुपये लागू लागले. कर्ज वाढले नाही, व्याजाचा दर वाढला नाही. तरीही भार दीडपटीहून अधिक झाला. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांना बंद केल्या. खासगी व्यक्तीने चांदी न्यावी आणि रुपये पाडून आणावेत, ही सोय संपली. पुढे रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सवर बांधला गेला आणि सुवर्ण विनिमय परिमाण नावाची व्यवस्था रुळली. जॉन मेनार्ड केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली आपल्या ग्रंथात या व्यवस्थेचे समर्थन केले होते.

आंबेडकरांनी नेमके तेथेच बोट ठेवले. परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर राहिला म्हणजे रुपया स्थिर झाला, असे नव्हे. देशातल्या बाजारात त्या रुपयाला किती धान्य, किती कापड मिळते हे पाहिले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. रुपये किती पाडायचे याचे बंधन सरकारवर नसेल, तर चलन फुगते, महागाई वाढते आणि ठरावीक मजुरीवर जगणारा भरडला जातो. म्हणून टांकसाळी जशा लोकांना बंद आहेत, तशाच सरकारलाही बंद कराव्यात, असा उपाय त्यांनी सांगितला. १९२५ साली आलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी हीच भूमिका साक्षीत मांडली. चलनाच्या किचकट तक्त्यांमागे मजुराच्या हातातील रुपया पाहणे, ही त्या प्रबंधाची खरी दृष्टी.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रा. एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच आपले मतभेद नोंदवले. शिष्याने गुरूशी सहमत असलेच पाहिजे असे नाही आणि असहमत शिष्याच्या ग्रंथाला प्रस्तावना देण्यात गुरूला कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे ‘वादे वादे जायते तत्त्वबोधः’ असे म्हणतात; विद्यापीठांच्या संशोधन केंद्रांत ते आचरणात यायला हवे.

प्रश्न दाराशी उभे आहेत

पीएच.डी. च्या अनेक नोंदणी अर्जांत एकाच साच्याचे विषय आढळतात. अमुक बँकेच्या ग्राहकांचे समाधान, तमुक तालुक्यातील गुंतवणूकदारांची मानसिकता. शंभर-दोनशे प्रश्नावल्या भरून घेतल्या, टक्केवारी काढली की प्रबंध तयार. विषय वाईट असतो असे नाही. त्यात संशोधकाचा स्वतःचा प्रश्न नसतो, एवढेच. इगतपुरी तालुक्यातील विद्यार्थ्याला तर विषयासाठी दूर जायची गरज नाही.

भाताचे पाहा. कृषी उत्पादन खर्च व मूल्य आयोग खर्चाच्या वेगवेगळ्या व्याख्या वापरतो. प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च म्हणजे ‘ए-२’. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की दुसरा आकडा. जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरले की ‘सी-२’. आता मुसळधार पावसात आवणीसाठी शेजारीपाजारी सावड करतात. आज यांच्या शेतात, उद्या त्यांच्या. रोख देवाणघेवाण नाही, पावती नाही. हे श्रम हिशेबाच्या कोणत्या रकान्यात बसवायचे आणि कोणत्या दराने? शेतकऱ्याची मालकीण दिवसभर चिखलात उभी राहते, तिच्या श्रमाचे मोल कसे लावायचे? लेखाशास्त्रातील हा अस्सल प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आवणीच्या दिवसांत बांधावर उभे राहिल्याखेरीज मिळणार नाही.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. या महामार्गासाठी जमिनी देणाऱ्या कुटुंबांच्या खात्यांत आयुष्यात प्रथमच मोठी रक्कम जमा झाली. त्या पैशाचे पुढे काय झाले? किती कुटुंबांनी दुसरी जमीन घेतली, किती रक्कम ठेवींत गेली, किती गाडीत आणि लग्नात? पाच-दहा वर्षांनंतर त्या कुटुंबाचे उत्पन्न वाढले की घटले? वित्तशास्त्राला याहून जिवंत विषय कोणता? तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायद्याखालील ग्रामसभांच्या कोषात थेट निधी येतो. त्याची कीर्द कोण लिहितो, ती गावाला वाचता येते का, हाही प्रबंधाचा विषय आहे. महिला बचत गटांची वहीखाती, गावोगावच्या पतसंस्थांची थकबाकी, यादी वाढवता येईल.

ज्याला इतिहासात रस आहे त्याच्यासाठी तर अफाट क्षेत्र मोकळे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या लेखा कार्यालयावर स्वतंत्र अध्याय आहे, हिशेबाचे वर्ष आषाढ पौर्णिमेस पुरे करण्याचा नियम आहे आणि अधिकारी सरकारी धन लाटण्याचे चाळीस प्रकार मोजून सांगितले आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील जमाखर्चाचे रुमालांवर रुमाल आहेत. लेखाशास्त्र जाणणारा आणि मोडी वाचणारा, असा दुहेरी तयारीचा संशोधक विरळा असतो. परंपरेचा नुसता अभिमान बाळगून भागत नाही. तिचे कागद उघडून वाचणारी माणसे तयार व्हावी लागतात.

वाट कशी आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी. विषयक विनियम नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्याने लागू झाले. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. मागास प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. किमान कालावधी ३ वर्षे, कमाल ६ वर्षे. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिला संशोधकांना याखेरीज २ वर्षांची सवलत आणि संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे. सासरच्या मंडळींनी हे कलम अवश्य वाचावे. सुनेचा प्रबंध अडतो तो बहुधा नियमांमुळे नव्हे, घरातील गैरसमजांमुळे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मात्र त्यासाठी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल या अर्हता आयोगाने २०२१ साली पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानल्या, त्यामुळे त्यांनाही ही वाट मोकळी आहे.

प्रवेश ‘नेट’ परीक्षेच्या आधारे किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून होतो. त्यानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तेथे सांख्यिकी येते आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी तेथेच अडखळतात. अर्थमिती आणि आकडेवारीचे विश्लेषण आधीच एक-दोन वर्षे शिकून ठेवले, तर पुढचा मार्ग सुकर होतो. अमेरिकेत लेखाशास्त्राच्या पीएच.डी. ला जाणाऱ्यांना तर चार-पाच वर्षांच्या कार्यक्रमाचा पहिला भाग जवळपास गणित, अर्थशास्त्र आणि अर्थमितीतच काढावा लागतो.

आता पैशाविषयी. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळवणाऱ्याला १ जानेवारी २०२३ पासून सुधारलेल्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. ज्यांना यांपैकी काही मिळत नाही, त्यांनी अर्धवेळ मार्गाचा विचार करावा. कर्ज काढून पदवीच्या मागे धावू नये. आणखी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक आहे. ‘पीएच.डी. झाली की प्राध्यापकी पक्की’ या समजुतीवर कोणी घराचा आराखडा बांधू नये.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे स्वतःचे लेखन वाचावे. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधकच असू शकतात, म्हणून जागा मर्यादित असतात. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयावर आधी काय झाले आहे, हे तेथे पाहिल्याशिवाय नोंदणीचा अर्ज भरू नये.

खोटा ताळेबंद

प्रबंध लिहून देणारे, आकडे ‘तयार करून’ देणारे लोक आज बाजारात आहेत. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य धरले जाते, त्यापुढे शिक्षा आहे आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. परंतु यंत्राने साम्य पकडले नाही, म्हणून चोरी सचोटी ठरत नाही. दुसऱ्या विषयात असा प्रबंध लाजिरवाणा ठरेल. लेखाशास्त्रात तो आत्मघातकी आहे. जे शास्त्र मुळात खरे-खोटे वेगळे करण्यासाठी जन्मले, त्याचीच सर्वोच्च पदवी खोट्या नोंदींवर घ्यायची? पतसंस्था बुडते तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षे सही करत राहिलेला कोणीतरी असतो आणि बुडते ती निवृत्त शिक्षकाची ठेव, विधवेची पुंजी. ज्या समाजात हिशेब तपासणाऱ्यांची विद्याच बनावट असेल, तेथे गरिबाच्या पैशाला वाली राहत नाही.

सज्जनहो, ‘मिळणार काय?’ या प्रश्नाचे उत्तर दोन रकान्यांत लिहावे लागते. घराच्या रकान्यात काही वर्षांची ओढाताण, नंतर कदाचित पदोन्नती, कदाचित चांगली नोकरी. समाजाच्या रकान्यात मात्र एक असा माणूस जमा होतो, की जो सरकारी अहवाल वाचून त्यातील गाळलेला खर्च दाखवू शकतो, ग्रामसभेत उभा राहून कोषाचा अर्थ सांगू शकतो, शेतकऱ्याच्या सावडीला आकडा मिळवून देऊ शकतो. सिडनहॅमच्या पगारातून शिल्लक टाकणाऱ्या त्या प्राध्यापकाने दोन्ही रकान्यांचा विचार केला होता. या तालुक्यातील एखाद्या मुलीने येत्या पावसाळ्यात वही घेऊन आवणीच्या बांधावर जावे, कोण किती तास राबले ते लिहून काढावे. तिचा प्रबंध तेथूनच सुरू झालेला असेल; नोंदणीचा अर्ज मागाहून भरता येतो.